पुराव्याची ताटली

"त्या ताटलीला कुणी हात लावायचा न्हाई. जिथं हाय तिथंच ऱ्हाऊ द्या."

अप्पा इतक्या मोठ्यानं ओरडले की गंजगोलाईच्या चौकातली कबुतरं उडाली असणार, आणि आमचं घर तिथून चांगलं दोन किलोमीटर लांब. चहाचा ट्रे घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. बाहेरच्या खोलीत नांदेडचे तीन पाहुणे बसलेले: मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आई. मुलगा मला बघायला आला होता. आणि माझे वडील, म्हणजे अप्पा, टीपॉयवरच्या सुशीलाच्या ताटलीकडं बोट रोखून उभे होते. बाहेरगावच्यांसाठी सांगते, सुशीला म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, शेंगदाणे, वर डाळव्याचं कूट आणि लिंबू. तिच्याकडं बोट रोखावं असं तिच्यात काहीही नसतं.

हेही स्थळ गेलं, असं मी तिथंच मनाशी म्हटलं.

आधीची तीन स्थळं अप्पांनीच घालवली होती. त्यांचं मला फारसं दुःख नव्हतं. हे स्थळ मात्र मला हवं होतं. या मुलाला मी अर्धापूरला मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं. त्याचा केळीचा व्यापार, त्यामुळं अर्ध्या मांडवाशी त्याची ओळख. पंगतीत सगळे ताटावर आडवे हात धरून "बस, बस" म्हणत होते, आणि हा एकटाच वाढप्याला शांतपणे म्हणाला, "भाऊ, आमटी इकडं आणा." चार वेळा म्हणाला. पाचव्यांदा वाढप्या आपणहून आला, बादली त्याच्याजवळच ठेवून गेला. मी म्हटलं, माणूस असावा तर असा. मैत्रिणीकरवी मी निरोप धाडला, त्याच्याकडून होकार आला, आणि राहिलं फक्त रीतीनं येऊन बघणं. म्हणजे राहिले फक्त अप्पा.

अप्पा मूळचे असे नव्हते, हे लिहून ठेवलं पाहिजे. आमचं किराणा दुकान होतं तेव्हा दुपारी जेवायला घरी येताना ते कुलूप लावत नसत. दुकान तसंच उघडं. गिऱ्हाईक यायचं, आपलं आपण साखर मोजून घ्यायचं, पैसे गल्ल्यात टाकायचं आणि जाताना मांजर हाकलून जायचं. "चोरून चोरून काय नेतील, शेंगदाणे?" असं अप्पा म्हणायचे. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुकान भावाकडं गेलं, आणि अप्पा टीव्हीसमोर बसले. दुपारी तीन ते पाच एका वाहिनीवर खुनाच्या गोष्टी लागतात. सत्य घटनेवर आधारित, असं आधी सांगतात आणि मग दिव्याच्या उजेडात सुरा चमकवतात. दोन वर्षं अप्पांनी एक भाग चुकवला नाही.

आम्ही माळकरी नसलो तरी लिंगायत माणसं. घरात अंडं यायचं नाही, झुरळ दिसलं तर आई त्याला कागदावर घेऊन अंगणात सोडून यायची. पण तीन वाजले की त्याच घरात चहाबरोबर दोन मुडदे पडायचे. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठ दिवसांतून एकदा, रक्ताचे पाट मात्र रोज वेळेवर. आई म्हणायची, "अहो, जरा बाजूला सरका, फरशी पुसू द्या," तेव्हा ती कोणत्या कारणानं पुसते आहे याची मलाच शंका यायची.

हळूहळू घराला पाच कुलपं लागली. एक तर फ्रिजला. दूधवाल्याचं पातेलं अप्पा रुमालानं धरून घ्यायचे, ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून. शेजारच्या काकूंनी जांभळाचं रोप लावायला खड्डा खणला, तर अप्पांनी भिंतीवरून टेप सोडून तो मोजला आणि विचारलं, "रोप एक फुटाचं, खड्डा तीन फुटांचा. बाकी दोन फूट कशासाठी? आणि काका चार दिवस दिसून न्हाई राहिले." काका तुळजापूरला गेले होते. ते परत आले, पेढे घेऊन आले, तरी काकूंनी आमचा कढीपत्ता बंद केला तो केलाच. पंचवीस वर्षं भिंतीवरून येणारा कढीपत्ता. आई त्या दिवशी बिनफोडणीचं वरण वाढून म्हणाली, "जेवा आता. ह्याचा पण तपास करा." मला हसू आलं, पण तिला आलं नव्हतं.

स्थळं गेली ती अशीच. उदगीरच्या मुलाला अप्पांनी विचारलं, "गेल्या मंगळवारी दुपारी तीन ते पाच तुम्ही कुठं होता?" त्यानं बिचाऱ्यानं खरं सांगितलं, झोपलो होतो. "कुणी बघितलं?" अप्पांनी विचारलं. तो चप्पल घालायला उठला, तेव्हा त्यांनी चपलेचा तळही बघायला मागितला.

म्हणून नांदेडची माणसं यायच्या आदल्या दिवशी आईनं अप्पांना देवघरासमोर बसवलं. गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घ्यायला लावली: पाहुण्यांना एकही प्रश्न विचारणार नाही. अप्पा शपथ मोडणारे नव्हेत. पाहुणे आले, बसले, पाणी झालं, तरी अप्पांच्या तोंडून प्रश्न निघाला नाही. "प्रवास कसा झाला" हासुद्धा प्रश्नच म्हणून त्यांनी तो गिळला आणि नुसतं म्हणाले, "प्रवास झाला." मुलाचे वडील म्हणाले, "हाव, झाला." मी आतून ऐकत होते आणि देवाला नारळ बोलत होते.

आणि तेवढ्यात अप्पा ओरडले.

"ताटली बदलली," अप्पा म्हणाले. हा प्रश्न नव्हता, शपथ शाबूत होती. "ह्या बाईंनी आपली ताटली मालकांच्या पुढं सरकवली, त्यांची आपल्याकडं घेतली. मी डोळ्यानं बघितलंय."

मुलाची आई जागची हलली नाही. ठसठशीत बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "बदलली," ती म्हणाली. "परक्या घरी मी पहिलं ह्यांना खाऊ घालते. परवाच दाखवलंय, पाहुण्याला गुंगीचं घालून मोकळं केलं. अंगावर एक दागिना ठेवला न्हाई."

मुलाच्या वडिलांनी हातातला चमचा हळूच खाली ठेवला. त्यांना हा नियम आज पहिल्यांदा कळत होता.

अप्पा आधी लाल झाले. मग त्यांचा चेहरा असा पालटला की तसा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. "तो भाग," ते म्हणाले. "ते मुलीकडच्यांनी न्हाई घातलं. मुलाच्या आत्यानं घातलं."

"आत्यानं?" बाई पुढं सरकल्या. "आमच्याकडं लाइट गेली मधीच. मला वाटलं स्वयंपाकी."

"स्वयंपाक्याला मधी दाखवतात ते फसवायला. ज्याचा चेहरा दोनदा दाखवला तो कधीच नसतो."

"अन् जी रडते ती असते."

"हाव. मोठ्यानं रडते ती."

आई माझ्या कानात पुटपुटली, "देवा, आता दोन झाले." पण मला धीर आला. वाटलं, जमलं. एका मताची माणसं भेटली.

कुठलं काय. ओळख पटल्यावर दोघांचाही संशय दुप्पट झाला. बाईंना वाटलं, इतकी बारीक माहिती असलेल्या माणसाच्या घरी तर पाणीसुद्धा पिऊ नये. अप्पांना वाटलं, जी बाई ताटली इतक्या सफाईनं बदलते तिनं बदलताना वरून काही टाकलं नसेल कशावरून. दोघं एकमेकांकडं हसून बघत राहिले आणि दोघांनीही ताटलीला बोट लावलं नाही. मुलाचे वडील तर हात मांडीखाली घेऊन बसले. सहा ताटल्या सुशीला, पहाटे पाचपासून तयारी करून आईनं गरम गरम केलेली, तिथं निवत चालली. पंखा फिरत होता. वरची कोथिंबीर माझ्यादेखत सुकली.

"आम्ही निघतो मंग," बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत नांदेड गाठायला पाहिजे."

सकाळचे साडेअकरा वाजले होते. संध्याकाळपर्यंत माणूस एसटीनं नांदेडला जाऊन आंघोळ करून परत आला असता. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "मी त्यात शेंगदाणे घातलेत. अन् लिंबू. बाकी काही न्हाई घातलं हो." तिचा आवाज असा बारीक झाला होता की मी ट्रे खाली ठेवला. आता आपणच जाऊन सगळ्यांसमोर खावं, असं मी ठरवलं.

पण माझ्या आधी मुलानं आपली ताटली ओढली. चमचाभर खाल्लं, मग दुसरा, आणि ताटली चकचकीत झाली. नंतर त्यानं अप्पांसमोरची घेतली, मग आपल्या आईसमोरची. शेवटी वडिलांसमोरची, अप्पांनी बोट रोखून ठेवलेली, कुणी हात लावायचा न्हाई म्हणून बजावलेली, तीही.

"तो पुरावा हाय," अप्पा म्हणाले.

"हाव," मुलगा म्हणाला, आणि पुरावा संपवला.

अप्पांनी घड्याळाकडं बघितलं. "असर व्हायला वीस मिनिटं लागतात."

"पंचवीस," बाई म्हणाल्या. "पोट भरलेलं असलं तर."

मग सगळेजण त्याच्याकडं बघत पंचवीस मिनिटं बसलो. आता पंचवीस मिनिटं गप्प कोण बसणार? वेळ काढायला बाईंनी माझं शिक्षण विचारलं. मुलाच्या वडिलांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली, त्यांचाही गुडघा दुखत होता. आईनं केळीच्या वेफर्सची रीत विचारून घेतली. अप्पांना प्रश्न विचारायची बंदी, म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा नुसतं ऐकत राहिले, आणि ऐकणारा माणूस बाईंना फार आवडला. पंचविसावं मिनिट संपलं तेव्हा मुलगा धडधाकट होता आणि तारखेवर बोलणं चाललं होतं. अप्पा म्हणाले, "निर्दोष." मग त्यांनी स्वतः उठून सहावी ताटली घेतली आणि खाल्ली. बाईंनी पाचवी खाल्ली, गारढोण, आणि लिंबू चांगलं पिळलंय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अप्पा शेजारच्या काकूंकडं भिंतीवरून गेले नाहीत, दारातून गेले, आणि येताना कढीपत्त्याची फांदी घेऊन आले. तीन वाजता टीव्ही मात्र लागलाच.

लग्न झालं. ते पंचवीस मिनिटांचं धाडस मी माहेरी, सासरी, हदगावपर्यंत पसरलेल्या सगळ्या नात्यात सांगून सांगून असं वाढवलं की शेवटी शेवटी ताटलीतून धूर निघत होता. नवऱ्याला मात्र त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. एकदा अर्धापूरला केळीच्या गाडीजवळ तो घड उतरवून घेत होता, तेव्हा विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही ते माझ्यासाठी खाल्लं ना?"

त्यानं घड खाली ठेवला. आठवायला त्याला थोडा वेळ लागला.

"भूक लागली होती," तो म्हणाला.