नागावला पोचलेली माझी पार्सलं

अडीच महिने मी दाढीसाठी तेल मागवत होतो आणि माझे वडील ते डोक्याला लावत होते.

माझं वय छत्तीस. माझ्या पिढीतल्या माणसाला कंटाळा आला की तो फिरायला जात नाही, फोनवर काहीतरी मागवतो. मागवण्यात जी मजा असते ती वस्तू हातात येण्यात नसते, त्यामुळे ती आलीच नाही तरी पटकन लक्षात येत नाही. पुण्याच्या आमच्या फ्लॅटवर काहीच पोचत नाहीये, हे माझ्या नव्हे, बायकोच्या लक्षात आलं. घरात रिकामी खोकी दिसेनात, तेव्हा मुग्धाला वाटलं मी आजारी आहे.

मग मी चिडलो. दुकानाच्या मदत केंद्राशी चॅटवर दोन दिवस भांडलो. तुमचा माणूस माझं सामान परस्पर लांबवतो, असं लिहिलं, पोलिसांची भाषा केली, पुरावा मागितला. त्यांनी सभ्यपणे एक फोटो पाठवला. त्यात बनियन घातलेले एक वयस्क गृहस्थ ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून माझं खोकं छातीशी धरून हसत होते.

ते माझे बाबा होते.

गणपतीत नागावच्या घरी असताना मी आईसाठी मिक्सरचं भांडं मागवलं होतं, तेव्हापासून पत्ता तोच राहिला होता. (मी मदत केंद्राची माफी मागितली. त्यांनी मला त्यांच्या सेवेला तारे द्यायला सांगितले.)

शनिवारी मी आणि मुग्धा सामान परत आणायला निघालो. गाडीची डिकी मुद्दाम रिकामी ठेवली होती. नागावला पोचलो तर अंगणात माझ्या योगासनांच्या मॅटवर सुपारी वाळत पडलेली. आईने माझ्या चिया सीड्सचं सरबत पुढे केलं आणि या वेळचा सब्जा जरा करडा होता, असं सांगितलं. बाबा मागे वाडीत पंपापाशी उभे होते. कानांवर माझे महागाचे हेडफोन, कशालाच न जोडलेले. खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी ते काढले आणि म्हणाले, फार उपयोगी वस्तू, पंप ऐकू येत नाही आणि तुझी आईही नाही. मग टोपी काढून टाळू दाखवली. घरात बारा महिने स्वतःच्या वाडीतलं खोबरेल असताना, माझ्या तेलाने म्हणे चार केस आले होते. मी मोजले नाहीत.

जेवताना खरं सांगून टाकायचं ठरवलं. "बाबा, ती पार्सलं आहेत ना..." एवढंच म्हणालो.

"तुला कौतुक केलेलं आवडत नाही, माहितीये मला," बाबा म्हणाले. "पण इतरांची मुलं सणावारी फोन करतात. तू दर आठवड्याला आठवण काढतोस. परवाच हिला म्हटलं, एवढ्या कामात त्याला सुचतं तरी कसं."

मुग्धाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी वरणभात खाल्ला. निघताना रिकामी डिकी आईने नारळांनी भरली.

पुण्याला येऊन मी पत्ता बदलला. तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन. थंडीचं बोलून झालं, मुग्धाच्या सर्दीचं झालं, मग तिने आवाज खाली आणला. "नोकरी ठीक आहे ना रे? बऱ्याच दिवसांत काही आलं नाही. हे रोज सकाळी अकरा वाजेपर्यंत ओटीवर बसून असतात."

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा विचार करून खरेदी केली. बाबांचे गुडघे दुखतात हे आठवलं (आठवावं लागलं, हेही कबूल करतो). दीड तास लोकांचे अभिप्राय वाचले, मुग्धाला विचारलं, मापाची खात्री केली, आणि गुडघ्यांचे पट्टे नागावच्या पत्त्यावर पाठवले.

चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला. पट्टे मिळाले, चांगले आहेत, म्हणाले. मग जरा घुटमळले. मला वाईट वाटू नये अशी त्यांची धडपड चालली होती.

"या वेळी घाईघाईत घेतलंस का रे? आधी कसा, विचार करून पाठवायचास."