मलावीचा पाव्हना

आज साल दोन हजार तेवीस, माझं वय बहात्तर. जन्म तळवलीतला, शेती होती तीही तळवलीतच. तरी छातीठोक सांगतो, ही नवी मुंबई मला दाखवली ती आफ्रिकेतल्या मलावी देशातून आलेल्या आमच्या भाडेकरूनं. पोरगा नेरूळच्या कॉलेजात फार्मसी शिकायला आला आणि आमच्या वरच्या खोलीत उतरला. कॉलेज सुरू व्हायला अजून आठवडा होता. दुसरा कोणी असता तर दार लावून आईला फोन करत बसला असता. या गड्यानं बॅग टाकली आणि चहासुद्धा न घेता गाव बघायला पळाला, तो संध्याकाळी उगवला तेव्हा अर्ध्या तळवलीची नावं त्याला तोंडपाठ! मला अजून शेजारच्या बिल्डिंगीतल्यांची नावं ठाऊक नाहीत. मी विचारणारही नाही. आधी त्यांनी मला विचारावं.

त्याची फिरायची तऱ्हाच निराळी. बस कुठं जाते ते न बघता चढायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं आणि विचारत विचारत पायी परत यायचं. हिंदी तो घरूनच मोबाईलवर शिकून आला होता, पण त्याच मोबाईलवरचा नकाशा उघडेल तर शपथ. म्हणायचा, "दादा, मैप में आदमी किधर मिलता है?" वाटेत भेटेल त्याच्यापुढे उजवा हात, डावा हात त्याच्या कोपराला टेकवलेला, आणि कमरेत वाकून नमस्कार. सोसायट्यांचे वॉचमन तर त्याला बघून खुर्चीवरून उठायला लागले. त्यांच्यापुढे जन्मात कोणी वाकलं नव्हतं. सेक्टर पाचच्या पुढं सहा येणार असं धरून एकदा तो सरळ चालत सुटला आणि निघाला एकोणीसमध्ये. वैतागावं की नाही? तर नाचतच घरी आला. "दादा, ये शहर तो मज़ाक करता है!" बाजारातून अनोळखी भाजी आणायची आणि जिन्यातच कच्ची चावून बघायची. शेवग्याची शेंग त्यानं काकडीसारखी सालीसकट खाल्ली. कारलं चावताना डोळ्यांतून पाणी आलं, तोंडानं मात्र "अच्छा है, अच्छा है." आमची म्हातारी तोंडाला पदर लावून हसायची, "अरं बाला, शिजवून खातात त्ये!"

हा कुठं हरवला तर, ही धास्ती मला. मी चौथीत शाळा सोडलेली, पत्ता लिहून देणं जमत नाही, आणि सुनेपुढं कागद धरणं मला पटत नाही. म्हणून त्याच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं : "मी तलवलीच्या दादांचा पाव्हना हाय." या पट्ट्यात एवढं पुरतं. त्याला ते इतकं आवडलं, की हरवला नसला तरी तो ते म्हणू लागला. पाणी मागायचं असलं तरी तेच, रिक्षावाल्याशी ओळख काढायची असली तरी तेच.

आणि एका संध्याकाळी साहेब हातात स्टीलचा डबा घेऊन हजर. बोनकोडे गावात तहान लागली, एका दारात हे वाक्य म्हटलं, तर तिथल्या बाईनं हाताला धरून आत नेलं आणि जेवायला वाढलं म्हणे. म्हातारीनं डबा उघडला. निवट्यांचं कालवण. खाडीच्या चिखलातली ही मासळी आमच्या आईसारखी एकाच बाईला जमते, ती म्हणजे बोनकोड्यात दिलेली माझी धाकटी बहीण. तिनं पोराच्या हळदीचं आमंत्रण मला, सख्ख्या मामाला, मोबाईलवर पाठवलं. दारात आली नाही. मी गेलो नाही. मामावाचून हळद लागली. तेव्हापासून ती या उंबऱ्यावर नाही आणि मी त्या उंबऱ्यावर नाही. मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही.

"काय बोलली?" मी टीव्हीकडं बघत विचारलं.

पोरानं ते बरोबर पाठ करून आणलं होतं. कमरेवर हात ठेवून, थेट तिच्याच ठसक्यात म्हणाला, "दादाला सांग, डबा मना त्याच्याच हातानं पायजे. आनि गुडघा कसा हाय त्याचा?"

"उद्या तूच नेऊन दे."

"नहीं दादा. मैंने हाँ बोला है."

म्हातारी तेवढ्यावरच टपली होती. "पाव्हन्याचा शब्द पाडता का आता? आनि बहिनीचं भांडं रिकामं धाडाल तर बगा!"

"मी कुनाच्या दारात जानार नाय," असं ठणकावून सांगितलं आणि कालवण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तो शिकून आपल्या देशाला गेला. वरच्या खोलीत आता दुसरी पोरं आहेत. चांगली आहेत, भाडं वेळेवर देतात, पण कोणालाच काही विचारत नाहीत. जिन्यात कारलं कोणी चावत नाही. म्हातारी कधीकधी उगाच वर बघते.

त्या कालवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. डबा घासला, परसातल्या वालाच्या कोवळ्या शेंगा तोडून गच्च भरला, इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला आणि वरच्या खोलीचं दार वाजवलं. बहीण लहान असताना तिला खांद्यावर घेऊन ज्या बांधावरून मी बोनकोड्याला मावशीकडं जायचो, तो बांध आता कुठल्या सेक्टरखाली गेला, मला ठाऊक नाही. पोरगा डोळे चोळत बाहेर आला. त्याला म्हटलं, "चल, तू पुढं हो. मना रस्ता दाखव."