नैवेद्याच्या वाटीतल्या गोळ्या

घरात देव होते, पण माझं त्यांच्याशी फारसं सख्य नव्हतं. शिकागोजवळच्या आमच्या घरी नागपूरहून सासूबाई राहायला आल्या आणि कपाटातल्या देव्हाऱ्यात रोज दिवा लागू लागला. मी आपली हो ला हो म्हणायची.

त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या बाटलीला इथलं ते दाबून फिरवायचं झाकण होतं, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून केलेलं. ते सासूबाईंनाही उघडेना. एकदा माझ्याकडून उघडून घेऊन त्यांनी सगळ्या गोळ्या नैवेद्याच्या वाटीत ओतल्या, वर खडीसाखर घातली. म्हणजे औषधही प्रसाद म्हणूनच पोटात जाणार. एका शनिवारी सकाळी त्या डोळे मिटून स्वतःभोवती प्रदक्षिणा घालत होत्या, तेवढ्यात आमच्या कुत्र्याने, मोत्याने, वाटी चाटूनपुसून लख्ख केली.

मीठपाणी पाजून उलटी करवावी, असं मला वाटलं. पण आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, ते बरं झालं. ते म्हणाले, "काही पाजू नका. ठीक दिसतोय म्हणून थांबूही नका. बाटली घ्या आणि लगेच आणा." नवरा गाडी घेऊन ड्यूटीवर गेलेला, मला ड्राइव्ह करता येत नव्हतं. शेजारी घरी नव्हते, टॅक्सीला तासभर लागणार होता. "माझ्या हातानं गेला गं तो," म्हणत सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मला रडू फुटलं. देवाकडे काय मागावं तेही सुचेना.

तेवढ्यात बेल वाजली. धर्माची पुस्तकं वाटत दारोदार फिरणारी एक अमेरिकन बाई आमच्या गल्लीत यायची. ती दिसली की आम्ही देशी लोक पडदे ओढून गप्प बसायचो. त्या दिवशी मी दार सताड उघडलं आणि मोत्यालाच पुढे केलं. काय झालंय ते ऐकून तिने पुस्तकं पायरीवर ठेवली. "गेट इन द कार, हनी," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात त्याला इंजेक्शन देऊन उलटी करवली, सलाइन लावलं. बाहेर ती बाई तिची प्रार्थना पुटपुटत होती, सासूबाई नामस्मरण करत होत्या आणि दोघींच्या मध्ये मी काहीही न मागता हात जोडून बसले होते. जे व्हायचं ते तुझ्या हाती, एवढंच मनात होतं. त्यात किती हलकं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. वेळेवर आणलंत, वाचला, म्हणाले. त्या क्षणी मनात दाटलेली कृतज्ञता अजून ओसरलेली नाही.

सासूबाईंनी आपलं वय विसरून त्या बाईला वाकून नमस्कार केला. ती पार गडबडली. "थँक द लॉर्ड, नॉट मी."

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी मला विचारलं.

"देवाचे आभार माना म्हणतेय, आई."

"मानते की," त्या म्हणाल्या. "पण त्याला गाडी चालवता येत नाही, हे सांग तिला."