अपघाताविना दिवस

करंजाड्याच्या आमच्या साइटवर गेटपाशी एक वॉचमनकाका असायचे. 'अपघाताविना दिवस' या फलकावरचा आकडा रोज सकाळी बदलायचं काम त्यांचं. हेल्मेट नसेल तर ते इंजिनियरलाही आत सोडत नसत. "डोकां घरी ठेवून आलाव काय?" एवढंच शांतपणे विचारायचे.

बाराव्या स्लॅबच्या कार्यक्रमाला गावकरी आणि शाळेची मुलं येणार होती. नेमका आदल्या दुपारी एक मजूर परांचीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. मी तिथला सुरक्षा अधिकारी. कार्यक्रमाच्या सकाळी वरिष्ठांचा फोन आला, आणि मी काकांना म्हणालो, "काका, आकडा एकने वाढवा. शून्य उद्या लावू."

"मानूस परला हाय, साहेब," ते म्हणाले. "मना नाय जमायचा."

पाहुण्यांच्या गाड्या वळणावर दिसू लागल्या होत्या. मीच घाईघाईने तिथलं लोखंडी स्टूल ओढलं आणि चढलो. स्टूल डुगडुगत होतं. आकडा बसवताना ते एकदम स्थिर झालं. खाली पाहिलं, तर काकांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"सांबालून उतरा," ते म्हणाले.

मी उतरलो, पण त्यांच्याकडे मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही.