कमळावरची पिंड

अंकोरच्या एका पडक्या देवळात, भिंतीतल्या कोनाड्यात, दगडात कोरलेली पिंड दिसली. इतक्या दूर आपला महादेव! मी चटकन चपला काढल्या आणि हात जोडले.

"नीट बघा," आमची वाटाडी सोखा म्हणाली, "हे आधी बुद्ध होते."

तिने बॅटरीचा झोत तिरपा धरला. पिंडीखाली कमळाच्या पाकळ्या उमटल्या आणि त्यांच्यावर मांडी घातलेल्या गुडघ्याची पुसट कड. राजा बदलला, त्याचा देव बदलला, तेव्हा ध्यानाला बसलेल्या बुद्धाला छिन्नीने तासून ही पिंड काढली होती. शेजारच्या कोनाड्यांतही तेच. ओळीने.

मूर्ती फोडणारे नेहमी दुसरेच कुणीतरी असतात, असं मी आजवर खुशाल धरून चालले होते. आणि इथे तर छिन्नी खाली ठेवल्यावर त्या माणसाने माझ्यासारखेच, अगदी मनापासून, हात जोडले असतील!

सोखाने उदबत्ती पेटवून कमळापाशी खोचली.

"ही कुणाला?" मी विचारलं.

"बुद्धाला. ते कुठे उठून गेलेत?"

माझे जोडलेले हात मात्र मला कपाळाला लावताही येईनात आणि खालीही घेववेनात.