करपलेली भाकरी
तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला की मला मलकापूरचा एस.टी. स्टँड आठवतो. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. धामणगाव बढ्याहून माय रोज सकाळच्या गाडीनं डबा पाठवायची. फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. विद्यापीठाची परीक्षा चालू असताना एक दिवस भाकरी जाड आली, वरून करपलेली आणि आत कच्ची. उपाशीपोटी पेपर लिहावा लागला म्हणून चिडून मी रिकाम्या डब्यात चिठ्ठी घातली, "माये, असली भाकरी पाठवू नको." दुसऱ्या दिवसापासून भाकरी जरा पातळ यायला लागली. शेवटचा पेपर देऊन घरी गेलो, तर बाप डोकं भादरून चुलीपुढं बसलेला, बोटांवर भाजल्याचे फोड. मायला जाऊन नऊ दिवस झाले होते. "मले काऊन नाही सांगतलं?" मी ओरडलो. "तिनंच सांगतलं होतं, पोराचा पेपर बुडू देऊ नका." मग चुलीकडं पाहत म्हणाला, "तुही चिठ्ठी गुरुजीनं वाचून दाखोली. मंग पातळ थापली." आता माझ्या घरात सगळेच पदवीधर आहेत. त्यातल्या कुणी भाकरीला नावं ठेवली, की मी ताटावरून उठतो.