पुढारी देशातली भाड्याची खोली

पोलीस ॲक्शन होऊन आमचा भाग देशात आला, त्याला वीस-पंचवीस वर्षं झाली होती. उस्मानपुऱ्यात आमच्या घरावरची एक खोली रिकामी होती. नवरा कचेरीत कारकून. त्याला रेडिओचा नाद. नव्यानं स्वतंत्र झालेले देश एकत्र बसतात आणि त्यांच्यात आपला देश पुढं असतो, हे तो मला जेवताना सांगायचा. मी चौथी शिकलेली. पुढं असतो म्हणजे नेमकं करतो काय, हे मला कळायचं नाही. धान्य तर आपणच बाहेरून आणत होतो.

एका रविवारी दारात एक उंच, काळाभोर तरुण आला. आफ्रिकेतला, इथं कॉलेजात शिकणारा. वसतिगृह सोडावं लागलं होतं. परीक्षा तोंडावर होती. खोली मिळाली नाही तर शिक्षण टाकून परत जाणार होता. चार घरांनी नाही म्हटलं होतं.

"इधर पहचान का कौन है?" नवऱ्यानं विचारलं. आमच्याकडं तशीच रीत. गाव, आडनाव, मामा कुठला, एवढं निघाल्याशिवाय कुणी किल्ली देत नसे.

"कोई नहीं. आपकी सरकार ने बुलाया."

"तो सरकार को लाव, जामीन रहने को."

मी म्हणाले, "अहो, सगळे देश आपल्याकडं बघतात म्हणता. हा बघायला आला तर दार लावता व्हय?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

मी त्या पोराला आत बसवून ज्वारीची भाकरी वाढली. त्यानं ती मोडून वास घेतला. हे धान्य त्याच्या घरीही पिकतं म्हणाला. मग मला राहवेना. कोण पेरतं, कोण दळतं, पाऊस नाही आला तर काय खाता, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, गोऱ्यांच्या देशात का नाही गेलास?

"गोरे बोलते, हमारे जैसा बनो. आप भी गरीब थे. सोचा, आपसे पूछेंगे, कैसे किया."

"अभी किदर किया?" मी म्हणाले. तो मोठ्यानं हसला. नवऱ्याला ते आवडलं नाही.

मग मी विचारलं, "मेरा लडका तुम्हारे गाव आता, तो कोई कमरा देता क्या?"

त्यानं घास खाली ठेवला. खरंच विचार केला.

"माँ पहले खाना देती. कमरे का बाप से पूछती. बाप ना बोलता."

"फिर?"

"फिर माँ झगडा करती."

नवरा माझ्याकडं बघत राहिला. "जगात सगळीकडं हेच आहे म्हणजे," एवढंच म्हणाला आणि किल्ली काढून दिली. भाडं मात्र एका पैशानंही कमी केलं नाही.

संध्याकाळी तो पोरगा लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन जिना चढला. वरची चौकट आमच्या मापाची. पेटी धाडकन आपटली.

"वाकून रे!" नवरा खालून ओरडला.

त्याला मराठी कुठलं कळायला. दुसऱ्यांदाही आपटली. मग नवराच वर गेला आणि पेटीचं एक टोक धरलं.